झाकलेला बांध

दरसाल येळवशीच्या सणाचा कोप, कडब्याची खोप, बांधावरच्या लिंबाखाली घातला जायचा. यंदा थोरल्या लेकानं, नागसेननं, तो वर सडकेला लागून, विहिरीपाशी घातला होता, आणि पार्वतीबाईला ते रानात पाय ठेवल्यावर कळलं.

तिनं थोरल्याला विचारलं, इथं कामून? तो म्हणाला, सडकेवरून येणाऱ्याला जवळ पडतं. मग म्हणाला, विहीर हाताशी आहे. मग लिंबावर माकडं आलीत म्हणाला, आणि शेवटी तिच्या गुडघ्यांवर आला. एका प्रश्नाला एवढी उत्तरं आल्यावर पार्वतीबाईला त्यातलं एकही खरं वाटेना. ती कडब्याच्या कोपात पोतं अंथरून बसली आणि खाली उताराकडे पाहत राहिली. तिथून लिंबाचा शेंडा तेवढा दिसत होता. बाकीचं सगळं नागसेनच्या तुरीनं झाकलं होतं.

तूर बघण्यासारखी होती, हे मात्र खरं. माणूस आत शिरला तर दिसणार नाही इतकी उंच, आणि शेंगांनी वाकलेली. साऱ्या खटकचिंचोळीच्या शिवारात यंदा अशी तूर दुसरी नव्हती.

भादव्यात असा पाऊस झाला होता की गावातल्या म्हाताऱ्यांनाही त्याला जोड सापडेना. पूर्वीचा पाऊस दिवसभर भुरभुरायचा आणि जमीन पीत राहायची. आताचा येतो तो कुणी वरून हंडा पालथा केल्यासारखा, आणि गेला की तोंड दाखवत नाही. काळ्या रानात पाणी तळ्यासारखं थांबलं. तुरीला उन्हाचा ताण सोसतो, पायाशी थांबलेलं पाणी सोसत नाही. गावची तूर उभ्या उभ्या पिवळी पडली, मग काळी झाली, मग नुसत्या काड्या उरल्या.

जगली ती एकट्या नागसेनची. आणि त्याच्या खाली, बांधाला लागून, धाकट्या बुद्धरत्नचं रान. तिथं काड्याच होत्या. एका बापाचं रान, एकाच बियाणाची तूर, मध्ये एक बांध.

गावात तेव्हापासून कुजबुज चालली होती. कुणी म्हणे बीदरच्या सायबानं वेगळं औषध दिलं, कुणी म्हणे त्यानं बियाणं गुपचूप बदललं. नागसेन विचारणाऱ्याला हसून सांगायचा, नशीब. नशिबावर जन्मभर न विसंबलेल्या बापाचा पोरगा नशीब म्हणायला लागला, तेव्हाच पार्वतीबाईच्या मनात पाल चुकचुकली होती. तिला खरी काळजी धाकट्याची होती. बुद्धरत्ननं बीदरजवळच्या कोळारला एका गोदामात कामाचं ठरवून टाकलं होतं. येळवस झाली की जायचं. तो गेला की खालचं रान नागसेनच कसणार, दुसरं कोण? आणि एकदा चूल बीदरला गेली की ती परत येत नाही. गावातली अशी बंद घरं तिनं पुष्कळ पाहिली होती.

शोभाबाई, बुद्धरत्नची बायको, डोक्यावर बाजरीच्या उंड्यांची पाटी घेऊन आली ती थेट थोरल्या जावेपाशी, ज्योत्स्नापाशी, उभी राहिली.

"अक्का, जागा बदलली व्हय? बरं केलं. तिकडं लिंबाखाली बसलं की आमच्या काड्या दिसत्यात. तुमच्या पाहुण्यांना जेवण गोड लागलं नसतं."

ज्योत्स्ना पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीच्या पातेल्यात पळी फिरवत राहिली. "तसं न्हाई गं. ह्यांनी घातला कोप. मला काय ठाव?"

"व्हय की. तुला कसं ठाव असंल? तुमी दोघं एका घरात थोडंच ऱ्हायलाव."

ज्योत्स्नानं मान वर केली नाही. एरवी ही बाई एका टोमण्याला दोन देणारी. आज ती गप्प राहिली, हेही पार्वतीबाईनं पाहून ठेवलं.

बुद्धरत्न आला, आंबिलीनं भरलेली बिंदगी सावलीत ठेवली, आणि भावापासून लांब, विहिरीच्या काठावर जाऊन बसला. दोघांत भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, असं पार्वतीबाईला वाटत होतं. भांडणात काहीतरी बोललं जातं. दिवाळीपासून हे दोघं एकमेकांशी परक्या माणसासारखं नीट बोलत होते.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं भरतात. कुणीही कुणाच्याही रानात यावं, बसावं, जेवावं, धुऱ्याधुऱ्यानं फिरून पीक बघावं. त्या दिवशी रानाला कवाड नाही, असं म्हणायची रीत. म्हणायची रीत म्हणावं, कारण पार्वतीबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा सगळ्यांची रानं सगळ्यांना उघडी नव्हती. खालच्या रानवाल्या काशाप्पाचा बाप त्यांच्या रानात यायचा, पण शिजवलेलं खायचा नाही. झाडाची बोरं तेवढी धोतराच्या सोग्यात घेऊन जायचा. घरानं धम्म घेतला तेव्हा नागनाथ, तिचा नवरा, पोरगेला होता. मोठा झाल्यावर त्यानं कोपातल्या दगडांची पूजा बंद केली, पण येळवस बंद केली नाही. रानात बसून जेवायला कुण्या देवाचा हुकूम लागत न्हाई, म्हणायचा. आधी वंदना घ्यायची, मग त्याच्या पाठोपाठ सगळ्यांनी रानाच्या कडेकडेनं एक फेरी मारायची, मग जेवण. फेरीत तो पिकाकडे कमी बघायचा आणि बांधाकडे जास्त.

प्रेरणा आली ती मोबाईल हातात घेऊनच. बुद्धरत्नची ही पोरगी बीदरला एका संस्थेत होती. पाऊस बदलला तसं शेतकऱ्यांनी काय काय बदललं, हे बीदर आणि शेजारच्या जिल्ह्यात हिंडून विचारायचं आणि एका गावचं दुसऱ्या गावाला नेऊन सांगायचं, असं तिचं काम. दिवाळीत तिनं काकाच्या तुरीचं चित्रण केलं होतं. ते आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याच्या लोकांनी पाहिलं. त्यांचीही तूर अशीच बुडाली होती. आता ते परवा गाडी करून रान बघायला येणार होते.

"मोठे अप्पा, मागच्या बारीला तुमी नीट सांगितलंच न्हाई," ती म्हणाली. "त्यांना नुसती तूर बघून काय करायचंय? तुमी केलं काय, ते त्यांना पायजे."

नागसेननं सदऱ्याची गुंडी लावली आणि तुरीपुढं उभा राहिला. पिशव्यांत रोपं केली, तो म्हणाला. वरंब्यावर लावली. अंतर जास्त ठेवलं. शेंडे खुडले.

"ते तर बाबांनीबी केलतं. रोपं तुमच्याकडूनच नेली होती."

"मग जमिनीत फरक असंल."

"आणि पाणी? ते कुठं गेलं?"

नागसेननं एकवार विहिरीकडे, बुद्धरत्न बसला होता तिकडे पाहिलं. "मुरलं," तो म्हणाला.

प्रेरणानं मोबाईल खाली घेतला. ती काकाला आभारी हाय म्हणाली, अगदी साहेबाला म्हणावं तसं, आणि आजीपाशी येऊन बसली. आजीच्या कानाला लागून म्हणाली, हे मला पटत नाही, आणि मलाच पटत नाही ते मी दुसऱ्या गावाला कसं देऊ? माझ्या शब्दावर ती माणसं पुढच्या साली पेरणार.

पार्वतीबाईलाही पटलं नव्हतं. काळ्या रानात भादव्याचं पाणी मुरलं, हे तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. ती काठी टेकून उठली.

"कुठं निघालीस माय?" नागसेन लगेच पुढं आला.

"फेरीला."

"यंदा ऱ्हाऊ दे. गुडघे दुखायलेत तुझे."

"दुखायलेत ते माझे दुखायलेत. तुझ्या बापाच्या मागं मी एकबी येळवस चुकवली न्हाई."

मग मी येतो, म्हणाला. तिनं त्याला, पाहुणे आले तर बघायला इथंच थांब, म्हणून सांगितलं. त्यानं ज्योत्स्नाकडे पाहिलं आणि ज्योत्स्ना पदराला हात पुसत सासूच्या मागं निघाली. कुणी तिला जा म्हणालं नव्हतं.

दोघी तुरीच्या कडेनं उतरल्या. ज्योत्स्ना सारखी बोलत होती. शेंग कशी भरली आहे, यंदा थंडी कशी उशिरा आली, प्रेरणाचं लग्न कधी काढायचं. लिंब जवळ आला तशी म्हणाली, आत्या, हितनं वर वळू या, पुढं बाभळीचे काटे आहेत, चप्पल फुटेल. पार्वतीबाई वळली नाही.

हा बांध तिच्या हातचा होता. बहात्तरच्या दुष्काळात दिवसभर सरकारी सडकेवर खडी फोडायची आणि तिथून येऊन, उजेड असेपर्यंत, नवरा-बायकोनं टोपल्यांनी माती वाहायची. नागसेन तेव्हा पोटात होता. सासू म्हणायची, पाऊस नाही तर बांध कशाला? नागनाथ म्हणायचा, येईल तेव्हा जाऊ द्यायचा नाही म्हणून. पुढं पाऊस आला आणि त्या बांधानं त्यांना जगवलं. तेव्हापासून पाणी अडवणं हाच त्या घराचा धर्म झाला. पावसात नागनाथ घोंगडी घेऊन बांधावर फिरायचा, उंदराचं बीळ दिसलं की टाचेनं माती दाबायचा. पोरांनी एकदा कागदाच्या होड्या सोडायला बांधात बोटभर नाली काढली, तर दोघांनाही त्यानं लिंबाच्या फोकानं झोडलं होतं. नागसेनला जास्त, कारण तो मोठा. नागनाथ गेल्यावर रान वाटलं तेव्हा हाच बांध दोघांची हद्द झाला. वरचं नागसेनला, खालचं बुद्धरत्नला. खालच्या रानात ओल जास्त टिकते, म्हणून तेच चांगलं मानलं जायचं, आणि मायनं लाडक्याला चांगलं दिलं, हे नागसेन कधी बोलला नाही, पण पार्वतीबाईला ते त्याच्या न बोलण्यातून ऐकू यायचं.

लिंबाच्या पलीकडे, बांधावर, बाभळीच्या वाळक्या फांद्यांचा ढीग रचलेला होता.

"हे कुणी रचलं?"

"जनावरं येत्यात आत्या. म्हणून."

"जनावराला यायला आधी वाट लागती."

तिनं काठीचं टोक अडकवून एक फांदी ओढली. मग दुसरी. ज्योत्स्ना मदतीला आली नाही, आणि अडवायलाही. ढीग सरकला तसा खाली बांध नव्हताच. बैलगाडी जाईल एवढं भगदाड होतं.

पाण्यानं फोडलेला बांध तिला ओळखू यायचा. त्याच्या कडा ढासळलेल्या असतात, वरची माती लोंबत राहते. ह्या भगदाडाच्या कडा खोऱ्यानं तासल्या होत्या, तळ नीट उताराचा होता. आणि तिथून खाली, बुद्धरत्नच्या रानात, गाळ पंख्यासारखा पसरून वाळला होता. त्या गाळात तुरीच्या काड्यासुद्धा उरल्या नव्हत्या. तूर मेल्यावर बुद्धरत्न रानाच्या ह्या वरच्या टोकाला फिरकलाच नव्हता.

पार्वतीबाई लिंबाच्या मुळावर बसली. पहिल्यांदा तिला नवऱ्याची आठवण आली, आणि लगेच स्वतःचा राग आला की पोरापेक्षा आधी बांधाची काळजी वाटली.

"तुला ठाव होतं," ती म्हणाली.

ज्योत्स्ना उभीच होती. "त्या दिशी तूर मांडीभर पाण्यात होती आत्या. हे खोरं घेऊन गेले. परत आले तवा काय बोलले न्हाईत, अन् मी काय विचारलं न्हाई. दिवाळीच्या आधी फांद्या रचताना बघितलं, तवा कळलं."

"जा. सगळ्यांना हिकडं बोलाव. भज्जी, उंडे, बिंदगी, समदं हिकडंच आणा."

"आत्या, सणाचा दिवस..."

"म्हणूनच."

सगळे आले. पुढं प्रेरणा, मागं पाटी घेतलेली शोभाबाई, शेवटी नागसेन, रिकाम्या हातानं. बुद्धरत्ननं बिंदगी खाली ठेवली आणि भगदाडात उतरला. दोन्ही हात पसरून त्यानं कडांना लावून पाहिले, ते पोचले नाहीत. मग खाली बसून गाळ बोटांनी चुरला.

"अण्णा, हे तू केलास?"

"व्हय."

"म्हणजे आमची तूर पावसानं मेली न्हाई," शोभाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच तो ऐकवेना. "मी तवाच म्हणले होते. कोळारला जावा म्हणून सांगायला सगळ्यांत पुढं कोण होतं, तेबी आता आठवायलंय मला. आमी गेलाव की हे रान कुणाचं? तेबी पाण्यानंच केलं म्हणा."

"मला तुमचं रान नको," नागसेन म्हणाला.

"मग फांद्यांनी कामून झाकलं? चोर झाकतो."

नागसेन भावाकडे बघून बोलला. "मला वाटलं, पाणी खाली वढ्याला निघून जाईल."

"मधी माझा बांध हाय. तो तुला दिसला न्हाई?"

"त्या वक्ताला न्हाई दिसला. माझी तूर दिसत होती. सकाळी आलो तवा तुझ्यात तळं उभं होतं."

"मग?"

"मग तुझ्या दारात आलो होतो."

"कधी आलास? मला न्हाई ठाव."

"तू नव्हतास. माय वसरीवर बसली होती. प्रेरणाला बांधाचंच सांगायली होती. कशी माती वाहिली, मी पोटात कसा होतो." त्यानं पहिल्यांदा आईकडे पाहिलं. "ते ऐकल्यावर काय सांगू? तुझा बांध फोडून आलो म्हणू? चहा घेतला अन् गेलो. उद्या सांगू म्हणलं. मग तूर पिवळी पडली. मग काय सांगायचं उरलं न्हाई."

पार्वतीबाईला ती सकाळ आठवली. नागसेन आला होता, चहा बशीत ओतून घेतला होता, न पिताच उठला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, हा भावाचं नुकसान बघायला आला. पोराच्या तोंडावरचा भाव तिनं सरळ सरळ उलटा वाचला होता.

"मला सांगितला असतास तर मी त्याच दिशी माझा बांध फोडला असता," बुद्धरत्न म्हणाला.

"फोडला असतास?"

बुद्धरत्ननं लिंबाकडे पाहिलं. त्या झाडाचा फोक त्याच्याही पाठीला ओळखीचा होता. "ठाव न्हाई," तो शेवटी म्हणाला. "पर ते मला ठरवू द्यायचं होतंस."

आंबिलीवर माश्या बसायला लागल्या तशी ज्योत्स्नानं बिंदगीवर फडकं टाकलं.

पार्वतीबाईनं नातीला विचारलं, परवा निंबर्ग्याच्या माणसांना काय सांगशील?

प्रेरणा बापाकडं आणि काकाकडं आळीपाळीनं बघत होती. "वरच्यानं बांध फोडला अन् त्याची तूर जगली, एवढंच सांगितलं तर त्यांच्यातला एकेक वरचा माणूस जाऊन फोडून येईल. अन् प्रत्येक खालचा बुडंल. सांगायचं तर हे खालचं रानबी दाखवावं लागंल. वरपासून वढ्यापत्तूर सगळ्यांनी मिळून वाट काढली तरच हे औषध, न्हाईतर इख."

"दाखव की," नागसेन म्हणाला. "पर माझं नाव नको घेऊ."

"नाव ती घेणार न्हाई," पार्वतीबाई म्हणाली. "तू घेणार. परवा हितं उभं ऱ्हाऊन तूच सांगणार, काय केलास अन् काय झालं."

"माय, परक्या माणसांपुढं?"

"घरच्यांपुढं जमलं न्हाई ना तुला."

नागसेन हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. शोभाबाई त्याच्याकडे अशी बघत होती की तो जे म्हणेल त्यावर तिचा विश्वास बसणार नव्हताच.

तेवढ्यात बुद्धरत्ननं कोपाकडे जाऊन खोरं आणलं. ते खांद्यावर टाकून तो काड्यांमधून खाली, आपल्या रानाच्या दुसऱ्या टोकाच्या बांधाकडे निघाला. प्रेरणानं हाक मारली, बाबा, कुठं?

"माझा फोडतो. पुढल्या भादव्यात माझ्यात थेंब थांबू द्यायचा न्हाई मला."

"पुढल्या भादव्यात तुमी कोळारला असणार हाव ना?" शोभाबाई म्हणाली.

तो थांबला, पण वळला नाही. ह्या प्रश्नाचं उत्तर पार्वतीबाईला जन्मभरातल्या कुठल्याही उत्तरापेक्षा जास्त हवं होतं. ते आलं नाही. तो पुन्हा चालू लागला, आणि मग ती उठून त्याच्या मागं गेली. पन्नाशी गाठलेल्या लेकाला तिनं काठी आडवी घालून थांबवलं.

"तुझ्या खाली कोण हाय?"

तिनं काठीनं दाखवलं. खालच्या बांधाच्या पलीकडे, बोरीखाली, काशाप्पा उभा होता. हनुवटी काठीवर टेकलेली, घोंगडी खांद्यावर. त्याच्या घरातली मेंढरं केव्हाच गेली होती, आता तोही तूर-ज्वारीवाला झाला होता, पण उभं राहायची ढब मेंढपाळाचीच राहिली होती. किती वेळ उभा होता कोण जाणे. येळवशीला दरसाल तो यायचा. बापासारखी बोरं घेऊन न जाता, बसून, शिजवलेलं खाऊन जायचा. आज तो बांधाच्या अलीकडे आला नव्हता.

"काय अक्का," त्यानं तिथूनच विचारलं, "सणाच्या दिशी खोरं कशाला काढलाव?"

बुद्धरत्ननं खोरं खाली टेकवलं. पार्वतीबाई चालत बांधापर्यंत गेली. तिला दम लागला होता, म्हणून आधी बांधावर बसली, आणि मग काशाप्पाला सगळं सांगितलं. थोरल्यानं काय केलं, धाकट्याचं काय झालं, आता काय करायचं आहे. काही झाकलं नाही. मागं नागसेन येऊन उभा राहिला होता, त्याच्या देखतच सांगितलं.

काशाप्पानं ऐकून घेतलं. "म्हणजे आता पाणी माझ्यावर सोडणार म्हणा की."

"सोडणार. पर तुला विचारून. अन् तुझ्या रानातनं वढ्यापत्तूर चर ही दोघं काढून देणार. तू न्हाई म्हणलास तर हा बांध आहे तसा ऱ्हाईल."

"मग ह्याची तूर पुन्हा बुडंल."

"बुडंल. तो कोळारला जाईल."

काशाप्पानं बुद्धरत्नकडं पाहिलं, मग नागसेनकडं. त्याची नजर नागसेनवर जास्त वेळ थांबली. "तुमच्या वरच्या बांधाला नागनाथण्णानं मला लहानपणी हात लावू दिला न्हाई कधी. पाणी तुमचं, म्हणायचा. दुष्काळात आमच्यात थेंब आला न्हाई. आता जास्त झालं तवा पाणी सगळ्यांचं झालं व्हय?"

तो खोटं बोलत नव्हता. "व्हय," ती म्हणाली. "तसंच झालंय."

काशाप्पाला बहुधा दुसरं काही उत्तर अपेक्षित होतं. त्यानं काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. "परवा निंबर्ग्याची माणसं येणार म्हणायलाव ना? येऊ द्या. हा थोरला त्यांच्यापुढं काय बोलतो, ते मी मागं उभं ऱ्हाऊन ऐकणार. आत्ता तू सांगितलीस तेवढं सगळं बोलला, तर माझ्या रानात खोरं घेऊन या. एक गोष्ट गाळली तर बांधाला हात लावायचा न्हाई."

मग तो बांध ओलांडून आला, कारण भूक लागली होती आणि येळवस होती.

लिंबाखाली पंगत बसली. पाठ कोणाची कोणाकडे होती हे पार्वतीबाई बघत होती. शोभाबाई जावेकडे पाठ करून बसली. बुद्धरत्न भावासमोर बसला, पण ताटातच बघत राहिला. काशाप्पानं सगळ्यांकडे पाठ केली आणि आपल्या बांधाकडे तोंड करून बसला, जेवता जेवता कुणी तिकडे खोरं घेऊन जाईल की काय, अशा धास्तीनं. बुद्धरत्ननं उठून त्याला भज्जी वाढली, उंडा कुस्करून दिला, आणि त्यानं खाल्लं.

नागसेन पंगतीला बसला नव्हता. त्यानं बाभळीच्या फांद्या एकेक करून उचलल्या आणि बांधापासून दूर, पडीक जागेत नेऊन टाकायला लागला. हाताला काटे लागत होते, तो थांबत नव्हता. भगदाड उघडं पडत गेलं.

"अहो, जनावरं शिरतील," ज्योत्स्ना हळूच म्हणाली.

"शिरू दे," नागसेन म्हणाला. "परवा माणसं बघायला यायलीत."

काशाप्पानं घास तोंडाशी नेता नेता मान वळवून एकदा तिकडे पाहिलं. मग पुन्हा तोंड आपल्या बांधाकडे केलं.